हिराबायचे बोंबील आणि बूस्टचं बटण

"सुरेखाताई, किचनमधलं बटण दाबलं की दोन्ही बाथरूमचे दिवे लागतायत. हे असंच असतं का?"

नरेशभाऊ खालून ओरडले तेव्हा मी त्यांच्या पोटमाळ्यावर आडवी पडले होते. दातांत टेस्टर, कपाळावर बॅटरी, आणि समोर त्यांच्या नव्या घराचं नवं मशीन. मी वरूनच म्हटलं, "असं नसतं. परत दाबा."

त्यांनी परत दाबलं. मशीनने वेग घेतला आणि खालून नरेशभाऊंच्या आईचं, हिराबायचं हसू ऐकू आलं.

"चुलीचा खटका दाबला न् मोरीन उजेड! हुशार हाय गो तुजी मशीन."

मी वायरमन. बाई आहे, पण परवान्यावर वायरमन असंच छापलंय आणि माझी त्याला काही हरकत नाही. आयटीआय करून बावीस वर्षं झाली. किहीमपासून रेवदंड्यापर्यंत अशी वाडी नसेल जिथल्या एखाद्या घराच्या डीबीवर, म्हणजे मेन बोर्डावर, माझं अक्षर नाही. आणि बावीस वर्षांनंतर माझ्या वायरिंगला एका कोळणीने हसावं, हे मला चांगलंच झोंबलं. त्यात ती बरोबर हसत होती, हे जास्त झोंबलं.

आधी मशीन काय आहे ते सांगते. आपण प्रत्येक बाथरूमला वेगळा एक्झॉस्ट फॅन लावतो. इथे तसं नाही. अख्ख्या घराला एकच मोठा पंखा, एका पेटीत बसवलेला, पोटमाळ्यावर टांगलेला. किचनच्या आणि बाथरूमच्या छतात गोल जाळ्या. जाळ्यांपासून पाइप निघतात ते पेटीला येतात आणि पेटीतून एक जाड पाइप भिंतीबाहेर जातो. पेटी चोवीस तास हळू चालते. आवाज जवळजवळ नाहीच. फोडणी, धूर, अंघोळीची वाफ असं काही असलं की तेवढ्यापुरती ती जोरात चालवायची. त्याला बूस्ट म्हणतात.

हे मशीन या घरात आलं ते हिराबायमुळे. नरेशभाऊंच्या दोन बोटी आहेत. रेवदंड्यात त्यांनी हे दुमजली घर बांधलं, वर पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या. मुंबईचे पर्यटक राहतील असा विचार. खाली आईसाठी छान खोली, एसी, बंद खिडक्या, चकचकीत किचन. आणि मग आईला सांगितलं की सुकी मासळी मात्र मागच्या शेडमध्ये भाजायची, वर वास जायला नको.

हिराबायने वास्तुशांतीला साडी नेसून सगळं केलं, जेवली, आणि पदर खोचून आपल्या जुन्या घरी निघून गेली. बंदराजवळ, तीन आळ्या पलीकडे. चार महिने झाले, ती राहायला काही आली नाही. तिची सून प्रीती रोज दोन वेळा डबा घेऊन जायची आणि भरलेलाच परत आणायची. "जा घरान मना बोंबील भाजाला मिलत न्हाय, ता घर माजा न्हाय," एवढंच ती म्हणायची. नरेशभाऊ मला हे सांगताना खिडकीबाहेर बघत होते. ज्या आईने टोपली डोक्यावर घेऊन अलिबागच्या बाजारात बसून पोराला पहिली बोट घेऊन दिली, तिच्यासाठीच तर हे घर होतं.

शेवटी त्यांच्या आर्किटेक्ट मीनल मॅडमनी हा तोडगा काढला. मशीन बसवू. वास वर गेला नाही तर हिराबायने किचनमध्ये हवं ते भाजावं. हिराबाय म्हणाली, "आधी परीक्षा घेईन. मंग काय ता बोलीन."

म्हणजे माझ्या वायरिंगवर एक आई नव्या घरात येणार की नाही हे ठरणार होतं. आणि माझं वायरिंग बाथरूमचे दिवे लावत बसलं होतं.

चूक माझी होती, आणि साधी होती. मशीनला दोन फेज, म्हणजे करंट आणणाऱ्या दोन वायरी, लागतात. एक कायमचा, ज्यावर ते चोवीस तास हळू चालतं. दुसरा बूस्टचा. त्याच्या टर्मिनलवर, म्हणजे वायर जोडायच्या स्क्रूवर, करंट आला की मशीन जोरात. मला बूस्ट तीन ठिकाणांहून हवं होतं: किचनमधलं बटण, आणि दोन्ही बाथरूमचे दिवे. दिवा लावला की बूस्ट आपोआप सुरू, अशी सोय. म्हणून मी तिन्हीकडून एकेक वायर आणली आणि बूस्टच्या एकाच टर्मिनलमध्ये तिघी कोंबल्या.

आता विचार करा. तीन गल्ल्या एका नाक्यावर मिळतात. पहिल्या गल्लीतून आलेला माणूस नाक्यावर थांबतोच असं नाही, तो उरलेल्या दोन गल्ल्यांमध्येही शिरतो. करंटचं तसंच. किचनचं बटण दाबलं की करंट टर्मिनलवर आला आणि तिथून उलटा दोन्ही बाथरूमच्या वायरींमधून खाली जाऊन दिवे लावून बसला. तिन्ही वायरी एकाच फेजच्या होत्या म्हणून नुसते दिवे लागले. वेगवेगळ्या फेजच्या असत्या तर भडका उडाला असता आणि हिराबायला हसायला वेळच मिळाला नसता.

मी खाली उतरले. हिराबाय किचनच्या दारात पाटावर बसून मला निरखत होती. सत्तरीची बाई, कानात सोन्याचे जाड वेढे, नजर मासळी पारखतात तशी.

"चुकला काय?"

"चुकलं," मी म्हटलं. "एक दिवस द्या, मावशी."

"घे ना. मना कुठं जायाचं हाय."

दुसऱ्या दिवशी दोन्ही बाथरूमचे साधे स्विच काढून मी डीपी स्विच बसवले. डीपी म्हणजे डबल पोल. दिसायला एकच बटण, पण आत दोन वेगळे खटके एकदम पडतात. एका खटक्यावर दिवा, दुसऱ्यावर मशीनच्याच लाइनचा फेज, तो बूस्टला. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. किचनचं बटण दाबलं. मशीन जोरात, बाथरूम अंधारात. मी ते पाच वेळा दाबून बघितलं, त्यातल्या शेवटच्या तीन वेळा नुसता आनंद म्हणून.

मशीनचे दोन्ही फेज एका आयसोलेटरमधून जातात. दुरुस्तीच्या वेळी मशीन पूर्ण बंद करायचा तो स्विच. मॅडमच्या ड्रॉइंगमध्ये तो पोटमाळ्यावर होता. पण माझे गुडघे आता कुरकुरतात. दरवेळी शिडी कोण चढणार, म्हणून मी तो किचनच्या बाहेर, पॅसेजमध्ये, हाताला येईल असा लावला. चालू असला की त्यात लाल दिवा दिसतो. आयसोलेटर हा शब्द घरच्यांना काय कळणार, असं मनात येऊन मी मार्करने त्याच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: पंखा.

रविवारी सकाळी परीक्षा झाली. हिराबाय जुन्या घरून आपला तवा घेऊनच आली. नव्या तव्यांवर तिचा विश्वास नव्हता. एका पिशवीत सुके बोंबील, दुसरीत जवळा. नरेशभाऊ आणि प्रीती वरच्या पाहुण्यांच्या खोलीत दार लावून बसले. त्यांच्यासोबत शेजारचे दोघं, साक्षीदार म्हणून. हिराबायने वर बघून ओरडून सांगितलं, "वास आला तं खरा बोला रं! आये म्हनून खोटा बोलू नका!"

मी पॅसेजच्या पलीकडे डीबीपाशी उभी होते. तिने गॅस पेटवला. बूस्टचं बटण मी शिकवल्याप्रमाणे दाबलं. तवा तापला, बोंबील पडले, मग ठेचलेला लसूण. मला एवढंच कळलं की सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही.

पंधरा मिनिटांनी वरचं दार उघडलं आणि नरेशभाऊ दोन-दोन पायऱ्या उतरत आले.

"काहीच नाय! आये, भाजलेस तरी का?"

हिराबायने ताट पुढे केलं. बोंबील खरपूस तांबूस झाले होते. प्रीतीने टाळ्या वाजवल्या. नरेशभाऊंनी आईला खांद्याला धरून गरागरा फिरवलं, ती "अरं तवा, तवा!" करत राहिली. मग तिने सगळ्यांच्या हातावर एकेक बोंबील ठेवला आणि म्हणाली, "उद्या माजी भांडी आनाला टेंपो पाठव."

माझेही डोळे ओले झाले, का खोटं बोलू. मी बॅग उचलायला पॅसेजमध्ये आले आणि सहज भिंतीकडे नजर गेली. आयसोलेटरचा लाल दिवा विझलेला होता.

मी शिडी लावली. कुरकुरत्या गुडघ्यांनी वर चढले आणि पेटीवर हात ठेवला. पेटी थंड, गप्प. मशीन चालूच नव्हतं. ते आवाज करत नाही हे मीच सगळ्यांना अभिमानाने सांगत फिरले होते, त्यामुळे आवाज नाही याचं कुणालाच नवल वाटलं नव्हतं.

खाली येऊन मी विचारलं, "पॅसेजमधलं बटण कुणी बंद केलं?"

"मीच," हिराबाय म्हणाली. "पंखा लिवलाय ना त्याच्याव. पंखा लावून कोन चूल पेटवतं गो? तुज्या आयशीनं शिकवला न्हाय तुना?"

शिकवलं होतं. आमच्या घरी चौलला चूल होती, आणि पंखा चालू असताना काडी ओढली तर आईचा आवाज शेजारपर्यंत जायचा. कुठल्याही बाईचा हात गॅसपाशी जाण्याआधी पंख्याच्या बटणाकडे जातो. ते मला माहीत होतं, आणि मीच त्यावर पंखा असं लिहून ठेवलं होतं.

पण मग वास? मशीन बंद, खिडक्या बंद, तव्यावर बोंबील, आणि वर बसलेल्या चार माणसांपैकी एकालाही वास आला नाही. कसा येणार? चौघंही बंदरावर जन्मलेले. त्यांना तो वास म्हणजे हवाच. मीसुद्धा मिठागरावरच्या घरातली, सुकट खाऊन वाढलेली. मला नाकाने काही सांगितलं नाही, पोटाने सांगितलं. वास न कळणारी माणसं निवडून निवडून आम्ही वासाची परीक्षा घेतली होती.

एक क्षण माझ्या मनात आलं की गप्प बसावं. लाल दिवा लावावा, बॅग उचलावी, घरी जावं. टेंपोचं ठरलंय, आई येतेय, सगळे खूश आहेत. पण मशीनने काम केलंय की नाही हे मलाच माहीत नव्हतं, आणि दोन महिन्यांनी वरचा पाहुणा नाक दाबून खाली आला असता तर हिराबायची भांडी परत टेंपोत चढली असती. मी सांगून टाकलं.

नरेशभाऊंचा चेहरा पडला. हिराबायने मात्र कमरेवर हात ठेवून मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"म्हंजे परीक्षा झालीच न्हाय?"

"नाही, मावशी."

"बरा झाला सांगितलास. खोट्या परीक्षेव मी घर बदलनार न्हाय." आणि तिने माझ्या हातावर आणखी एक बोंबील ठेवला.

मी तिथूनच मीनल मॅडमना फोन लावला. त्या मुंबईच्या, घरात कांदासुद्धा न खाणाऱ्या.

"मॅडम, बुधवारी याल का? तुमचं नाक पाहिजे."

"माझं काय पाहिजे?"

मी सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. पण आल्या. बुधवारी सकाळच्या बोटीने मांडव्याला उतरल्या आणि अकराला रेवदंड्यात हजर. त्याआधी मी आयसोलेटर पोटमाळ्यावर, ड्रॉइंगमध्ये होता तिथे नेऊन लावला. गुडघ्यांना म्हटलं, सहन करा. लेबलही बदललं: दुरुस्तीसाठीच बंद करणे.

मॅडमना वरच्या खोलीत बसवलं, चहा दिला, दार लावलं. खाली हिराबायने चूल पेटवण्याआधी सवयीने पॅसेजच्या भिंतीकडे हात नेला. तिथे आता नुसती कोरी पट्टी होती. ती स्वतःशीच हसली. मग किचनमधलं बूस्टचं बटण दाबलं. या वेळी मी पोटमाळ्यावर पेटीला कान लावून बसले होते. मशीनचा वेग वाढलेला मला स्पष्ट कळला.

या खेपेला नुसते बोंबील नाहीत. बोंबील, जवळा आणि वर थोडी सुकी कोळंबी. हिराबायने दयामाया ठेवली नाही.

वीस मिनिटांनी मॅडमनी दार उघडून विचारलं, "अजून सुरू नाही केलं का? मला एकची बोट गाठायचीय."

नरेशभाऊंनी तिथेच जिन्यावर उडी मारली. प्रीतीने सासूला मिठी मारली. मी शिडीवरून इतक्या घाईने उतरले की शेवटच्या दोन पायऱ्या घसरतच आले. मॅडम आनंदात खाडीचा व्ह्यू बघू म्हणून मागच्या गॅलरीचं दार उघडून बाहेर गेल्या आणि लगेच ओढणी नाकावर धरून आत आल्या.

"हे काय आहे? केवढा तो वास!"

मशीनचा बाहेरचा पाइप मागच्या भिंतीतून निघत होता. बरोबर पाहुण्यांच्या गॅलरीखाली. घराची पुढची बाजू स्वच्छ दिसावी म्हणून मॅडमनीच तो मागे काढला होता, आणि मीही ड्रॉइंग बघून काही न बोलता तो तिथेच बसवला होता. सगळा वास आम्ही घरातून इमानदारीने उचलून पाहुण्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवत होतो.

यावर बोलणं सुरू होतं तेवढ्यात माझं लक्ष हिराबायकडे गेलं. ती पाटावर बसली होती. ताट तसंच भरलेलं समोर. सगळं जिंकूनही तिचा चेहरा हरल्यासारखा.

"काय झालं, मावशी? घरात वास आला नाही. पास झालं मशीन."

"व्हय," ती म्हणाली. मग ताट बाजूला सारून, "पन कोन आलाच न्हाय."

"कोण यायचं होतं?"

"तिकरं मी बोंबील भाजले का दारान चार बाया येतान. पारू येते, मंजी येते. हिरे, काय रांधलास गो, करत बसतान. बोलवाला लागत न्हाय कोनाला. हितं मी काय पन रांधीन, कोनाला कलनार? तुमी सगली कामाव गेलाव का मी न् ही मशीन."

नरेशभाऊ आईशेजारी फरशीवरच बसले. चार महिने त्यांना वाटत होतं की आई बोंबलासाठी रुसली आहे. मलाही तसंच वाटत होतं. मी दिवे, फेज, टर्मिनल सगळं तपासलं होतं, आणि या बाईला एवढं साधं विचारलं नव्हतं की मावशी, तुम्हाला नक्की काय नको आहे. मला स्वतःचा राग आला आणि त्याच क्षणी उत्तरही दिसलं.

"मॅडम," मी म्हटलं, "बाहेरचा पाइप पुढे काढू. ओटीच्या वर, गल्लीच्या बाजूला."

"पुढच्या भिंतीला भोक? आणि वास थेट गल्लीत? शेजारी तक्रार करतील!"

पाटावरून हिराबाय उठलीच. "शेजारी? तक्रार? शेजारी भाकरी घेऊन येतीन!"

मॅडमनी एकदा गॅलरीकडे बघितलं, एकदा हिराबायकडे. मग पर्समधून पेन काढून ड्रॉइंगवर मागचा पाइप खोडला आणि पुढे गोल काढला. "वर एक छोटं छप्पर करा. पाऊस आत जायला नको. आणि जाळी तांब्याची लावा, निदान दिसायला बरी दिसेल."

शुक्रवारी भिंतीला भोक पाडलं, पाइप फिरवला, मागचं भोक बुजवलं. शनिवारी सकाळी हिराबायने तिसऱ्यांदा तवा चढवला. या वेळी कुणाला वर बसवलं नाही. सगळे ओटीवर, गल्लीकडे तोंड करून. तिने बटण दाबलं. वर पेटीने वेग घेतला. पाच मिनिटं झाली. आमच्या कुणाच्या नाकाला अर्थातच काही कळत नव्हतं. हिराबाय दर मिनिटाला उलथणं घेऊन दारापर्यंत येऊन बघून जात होती.

समोरच्या आळीतून एक आवाज आला.

"हिरेऽ! बोंबील का गो?"

"व्हय गो पारू! ये!" हिराबाय इतक्या जोरात ओरडली की गल्लीतलं एक मांजर ओटीवरून पळालं.

पारू आली. तिच्या मागून मंजी, तिच्या हातात खरंच भाकऱ्यांची टोपली. मग आणखी दोघी, त्यांतली एक नुसती नवं घर बघायला. चकचकीत किचनच्या फरशीवर पाट मांडले गेले. नरेशभाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभे होते आणि आपल्याच घरात त्यांना बसायला जागा नव्हती. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मला जेवल्याशिवाय कुणी उठू दिलं नाही. दुपारी टेंपो आला, त्यात हिराबायची भांडी, पाटा-वरवंटा आणि तिचं मांजर असा सगळा पसारा होता.

त्यानंतर मी अशी तीन मशीनं बसवली. आयसोलेटर दर वेळी पोटमाळ्यावरच लावते, गुडघे काही का म्हणेनात. आणि बाहेरच्या पाइपासाठी भिंतीला खडूची खूण करण्याआधी ड्रॉइंग बाजूला ठेवून घरातल्या बाईला विचारते, वास कुणाच्या दारात सोडू?